नमुन्याची भिंत

निमेशभाईंच्या कारखान्यातल्या बायकांसाठी वसतिगृह बांधायचं ठरलं तेव्हा दीपिका मेहेरनं दोन अटी घातल्या. इमारतीत एकही एसी लागणार नाही, ही पहिली. बांधकाम तिचा भाऊ धीरज करील, ही दुसरी. पहिली अट निमेशभाईंनी आनंदानं मान्य केली. परदेशातली जी मंडळी त्यांचा माल घेत, ती हल्ली कामगार कुठे राहतात, किती वीज जाळता, असले प्रश्न विचारू लागली होती, आणि बोईसरमध्ये एक ग्रीन बिल्डिंग दाखवायला मिळाली तर त्यांना हवीच होती. दुसऱ्या अटीवर मात्र त्यांनी आढेवेढे घेतले, कारण त्यांचा वापीचा नेहमीचा कंत्राटदार होता. दीपिका हटली नाही. भिंत कागदावर मी काढीन, पण ती उभी करणारा माणूस माझ्या भरवशाचा पाहिजे, असं तिनं त्यांना स्पष्ट सांगितलं. शेवटी ते कबूल झाले.

हे बहीणभाऊ सातपाटीचे. बाप नवशा मेहेर, सगळं आयुष्य होडीवर गेलेला. आई हिरा पालघरच्या बाजारात मासळी विकायची. एका साली जाळं ओढताना नवशाचा खांदा निखळला आणि तो घरी बसला, तेव्हा धीरजनं कॉलेज सोडलं आणि बोईसरला सेंट्रिंगच्या कामावर जायला लागला. धाकट्या बहिणीचं शिक्षण मात्र त्यानं थांबू दिलं नाही. आर्किटेक्चरच्या प्रवेशाला मुंबईला तिच्याबरोबर तोच गेला होता. तिला पुठ्ठ्याची मॉडेलं करायची असली की रविवारी हा तिच्या होस्टेलच्या फाटकाशी येऊन बसायचा आणि तिथंच पारावर बसून पुठ्ठे कापून द्यायचा. पुढे ती आर्किटेक्ट झाली आणि तो कंत्राटदार. गावात दोघांची नावं लोक एका दमात घेत. भाऊ आपल्याला फसवील अशी शंका दीपिकेच्या मनाला शिवण्याचं कारणच नव्हतं.

नकाशा काढण्याआधी ती त्या बायका राहत होत्या तिथं गेली. स्टेशनच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. तिथं जमना राहायची, विक्रमगडकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची बाई, कारखान्यात पॅकिंगला. पावसाळ्यापुरती ती गावाकडे भात लावायला जाई आणि एरवी इथं. दीपिका गेली तेव्हा भर दुपार होती. रात्रपाळी करून आलेल्या बायकांनी जमिनीवर ओली लुगडी अंथरली होती आणि त्यांवर पडून त्या झोपायचा प्रयत्न करत होत्या. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. जमनेनं दीपिकेला बसायला पाट दिला आणि सांगितलं की झोप लागत नाही म्हणून पाळीवर डोळे मिटतात, आणि गेल्या उन्हाळ्यात एकीचं बोट त्यातच यंत्रात गेलं.

त्या दुपारीच इमारतीचा विचार दीपिकेच्या डोक्यात पक्का झाला. भिंतीत विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायच्या, म्हणजे दोन विटांच्या मध्ये पोकळी राहते आणि बाहेरचं ऊन आत पोचता पोचता दमून जातं. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण दुपारचं ऊनही तिकडूनच येतं. म्हणून त्या अंगाला विटांची जाळी आणि जाळीमागे खिडक्या. इमारतीच्या मध्यभागी वरून उघडा चौक. खोल्यांतली गरम हवा चौकात येणार आणि वर निघून जाणार, तिच्या जागी जाळीतून थंड हवा आत येणार. गच्चीवर पांढऱ्या फरशीचे तुकडे, म्हणजे छप्पर तापणार नाही. यात नवीन काहीच नाही, असं ती निमेशभाईंना म्हणाली होती. सगळं जुनंच आहे, नीट करायला मात्र हवं.

बायका आधी तयार नव्हत्या. मालकाच्या इमारतीत राहायचं म्हणजे मालकाच्या मुठीत राहायचं, असं त्यांना वाटे, आणि ते चुकीचंही नव्हतं. मग दीपिका मॉडेल घेऊन त्यांच्या रांगेत गेली. तिनं उदबत्ती पेटवली आणि मॉडेलच्या जाळीशी धरली. धूर जाळीतून आत शिरला, खोल्यांतून फिरला आणि चौकातून सरळ वर गेला. बायका वाकून वाकून बघत राहिल्या. जमनेनं तिच्या हातातून उदबत्ती घेतली, स्वतः दुसऱ्या खोलीशी धरून पाहिली आणि मग म्हणाली, "अशी असंल तर आमी येऊ." तिच्या शब्दावर बाकीच्या तयार झाल्या.

जोतं भरून झालं त्याच सुमारास दीपिकेला पाचवा महिना लागला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून ठेवलं. गर्भाची वार खाली सरकली होती. जिना चढायचा नाही, गाडीत बसायचं नाही, शक्य तितकं पडून राहायचं. नवरा विनोद जव्हारकडे शाळेत शिक्षक, तो शनिवारी-रविवारी येणार. म्हणून ती पालघरचं घर बंद करून सातपाटीला माहेरी आली. खिडकीतून खाडी आणि मासळी सुकवायच्या बांबूच्या परातींची रांग दिसायची. तिला दिसत नव्हती ती फक्त तिची इमारत.

ती कसर धीरजनं भरून काढली. रोज संध्याकाळी तो साइटवरून सरळ तिच्या खोलीत येई, पाय धुऊन तिच्या खाटेशी बसे आणि मोबाइलवरचे फोटो दाखवी. उभ्या लावलेल्या विटा, मधली पोकळी, खिडकीची चौकट, जाळीचा पहिला थर. ती फोटो मोठा करून बघे आणि चुका काढी. इथं सांधा जाड झाला, तिथं वीट मोडकी लावली. दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त केलेल्या भागाचा फोटो घेऊन येई. हिरा दारात बसून बोंबील निवडत दोघांचं ऐकायची. फोटोंत बऱ्याचदा भिंतीवर एका ताडाची सावली पडलेली असे, झावळ्यांची बोटं पसरलेली. ती सावली बघून दीपिकेला बरं वाटायचं. आपण जणू तिथंच उभ्या आहोत असं वाटायचं.

"दादा, तू नसतास तर हे काम मी सोडलं असतं," एकदा ती म्हणाली.

"मी हाय ना," धीरज म्हणाला. "तू गप पडून राहा."

मुलगी दिवसांच्या आधीच झाली, लहानखुरी आणि अशक्त. काही दिवस तिला पालघरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. घरी आणल्यावरही तिला धुळीत, गर्दीत नेऊ नका अशी ताकीद होती. दीपिकेनं दोन-तीन वेळा साइटवर जायचं काढलं, पण कधी रस्ता खणलेला असे, कधी सिमेंटच्या गाड्या लागलेल्या असत, आणि धीरज म्हणे की बाळाला टाकून कुठं येतेस, सगळं तुझ्या नकाशाबरहुकूम चाललंय. बाळ रडायला लागलं की तिचा बेत आपोआप मोडे. इमारत पुरी झाल्यावर आर्किटेक्टची सही लागते. धीरज तो कागद घरी घेऊन आला, तिच्या मांडीवर बाळ होतं म्हणून त्यानं कागदाखाली पुठ्ठा स्वतः धरला, आणि काम नकाशाप्रमाणे झालं आहे, यावर तिनं सही केली. ग्रीन बिल्डिंगचं मानांकन देणाऱ्या संस्थेकडेही त्या सहीबरोबर तेच फोटो गेले.

उद्घाटन एप्रिलच्या अखेरीस होतं. हिरा बाळाला घेऊन बरोबर आली. रिक्षातून उतरताच दीपिकेनं मान वर करून पाहिलं आणि तिला भरून आलं. इमारत तिच्या चित्रातून जशीच्या तशी उतरून उभी राहिली होती. पश्चिमेच्या अंगाला लाल विटांची जाळी, मधून मधून हिरव्या वेली सोडायची जागा, दारावर मानांकनाची पितळी पाटी आणि पाटीवर तिचं नाव. निमेशभाईंनी तिला शाल दिली. परदेशी पाहुणे आले होते, त्यांनी फोटो काढले. तिला चार शब्द बोलायला सांगितलं तेव्हा तिनं भावाचं नाव घेतलं आणि म्हणाली की ही इमारत माझ्यापेक्षा त्याची जास्त आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धीरज मागे खुर्च्यांपाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली, आणि तिला वाटलं की दादा लाजला.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांना जेवायला नेलं. दीपिका एकटीच आत शिरली. बायका आठवड्यापूर्वीच राहायला आल्या होत्या. पहिल्या मजल्यावर जमना दारातच उभी होती. ती हसली नाही. ये, असंही म्हणाली नाही, फक्त बाजूला झाली.

खोलीत शिरताच दीपिकेच्या अंगावर उष्ण वाफ आल्यासारखी झाली. पंखा फिरत होता आणि तीच गरम हवा ढवळत होता. खोलीत तिनं दाखवले होते त्यापेक्षा जास्त पलंग होते, दोन पलंगांमधून चालायला तिरकं व्हावं लागत होतं. खिडकी कुठं आहे म्हणून तिनं पाहिलं तर पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच नव्हती. तिनं भिंतीवर तळहात टेकला. भिंत तव्यासारखी तापलेली होती. पर्समधून किल्ली काढून तिनं ठोकून पाहिलं. पोकळ भिंतीचा आवाज वेगळा येतो. ही भिंत भरीव होती.

ती बाहेर आली आणि चौकात गेली. वरून आभाळ दिसायला हवं होतं, तिथं दुधी प्लॅस्टिकचा पत्रा होता, आणि खाली, जिथं हवा खेळायची होती, तिथं मालाच्या खोक्यांची रास. वरच्या मजल्यावर साहेबलोकांसाठी पाहुण्यांच्या खोल्या केल्या होत्या. त्यांच्या एसींची तोंडं चौकाकडे वळवलेली होती आणि त्यांचा गरम फुत्कार चौकातच कोंडून राहत होता. तिथून ती इमारतीच्या बाहेर, पश्चिमेला गेली. जाळीच्या भोकातून तिनं हात आत घातला. कोपर आत जायच्या आधीच बोटं गिलाव्याला लागली. तिनं पुढच्या भोकात हात घातला, मग त्याच्या पुढच्या. जाळीमागे सगळीकडे सपाट भिंत होती. जाळी त्या भिंतीवर कुंकवासारखी लावलेली होती.

अजूनही तिच्या मनात भावाचं नाव आलं नव्हतं. शेटजींनी नंतर येऊन बदल केले असतील, दादाला सांगायला वेळ मिळाला नसेल, असं काहीतरी ती जुळवत होती. फोटो तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. मग हे सगळं पाडून पुन्हा कधी बांधलं, असा विचार करत ती इमारतीला वळसा घालून मागे गेली. तिथं जनरेटरची शेड होती, शेडच्या पाठीमागे एक ताड होता, आणि ताडाच्या पायाशी एक भिंत उभी होती.

छातीइतकी उंच आणि चार पावलं लांब. एका टोकाला उभ्या विटा आणि त्यांच्यातली पोकळी वरून उघडी. मधे खिडकीची चौकट. दुसऱ्या टोकाला जाळीचे थर. एक बाजू गिलावा केलेली, दुसरी उघड्या विटांची. भिंतीच्या दोन्ही बाजूंना काहीही नव्हतं. दुपारच्या उन्हात तिच्यावर झावळ्यांची बोटं पसरली होती.

त्या क्षणी तिला काय झालं ते तिला पुढे नीट सांगता येईना. आपण रडलो नाही एवढं तिला आठवत होतं. ती जवळ गेली आणि तिनं सांधे ओळखले. जाड झालेला सांधा, जो तिनं दुरुस्त करायला लावला होता. मोडकी वीट काढून बसवलेली नवी वीट. महिनोन्‌महिने खाटेवर पडून ती ज्या इमारतीला वाढताना पाहत होती, ती इमारत एवढीच होती. तिच्यासाठी तेवढीच बांधली होती.

शेडमध्ये रामकिसन मिस्त्री डबा खात बसला होता, धीरजकडचा जुना माणूस. तिला बघून तो उठून उभा राहिला. ही भिंत कधी बांधली, असं तिनं विचारलं. तो भाबडेपणानं म्हणाला, "ये तो सबसे पहले बनी, दीदी. धीरजभाई बोले, दीदी को फोटो भेजना है. बाकी सब तो सादी भिंत है."

तिनं धीरजला तिथंच बोलावून घेतलं. तो आला, ती कुठं उभी आहे ते त्यानं पाहिलं, आणि त्याची चाल मंदावली. रामकिसन डबा घेऊन निघून गेला.

"सांगणार होतो," धीरज म्हणाला. "शेटनी मधेच खोल्या वाढवायला सांगितल्या. चौकाची जागा वाया जाते बोलले. तू पडून होतीस, डॉक्टर बोलल्या होत्या जिवाला घोर लावू नका. मी म्हटलं, तुला आणि पोटातल्या जिवाला काय झालं तर. म्हणून मग फोटो."

"मला जपायला तू भिंत बांधलीस?"

"मग काय करणार होतो?"

"शेटनी मधेच सांगितलं, म्हणतोस," दीपिका म्हणाली. "आणि ही भिंत सगळ्यात आधी बांधली. रामकिसननं सांगितलं मला. म्हणजे जोत्यावर पहिली वीट पडायच्या आधीच तुमचं ठरलं होतं, दादा. मी आजारी पडले ते तुझ्या सोयीचं झालं."

धीरज भिंतीच्या कडेला टेकला. मग त्यानं जे होतं ते सांगितलं. निमेशभाईंनी त्याला भूमिपूजनाच्या दिवशीच बाजूला घेतलं होतं. बाहेरून बाईंच्या चित्रासारखं दिसलं पाहिजे आणि आतून माझ्या हिशेबानं झालं पाहिजे, हे जमत असेल तर मोठ्या गोदामाचं कामही तुझं, नाहीतर वापीचा माणूस तयारच आहे, असं ते म्हणाले होते. आयुष्यभर फुटकळ कामं केली, आता एकदा तरी मोठं काम हातात येत होतं.

"तुझं काय बिघडलं यात?" तो म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात चीड होती. "पाटीवर नाव तुझं हाय. शाल तुला मिळाली. त्या बायका पत्र्याखाली राहत होत्या, आता पक्क्या घरात हायत. कोण भिंत ठोकून बघतंय?"

"मी," दीपिका म्हणाली.

ती परत वर गेली. जमनेला सगळं सांगावं, आपणही फसलो हे तिला कळावं, एवढंच तिला हवं होतं. जमनेनं ऐकून घेतलं. तोवर आणखी दोघी-तिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. जमना म्हणाली की पत्र्याच्या खोलीला निदान मागचं दार होतं, ते उघडं टाकून पडता यायचं. इथं मागे दार नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय पुढचंही नाही. जुन्या खोल्या आता दुसऱ्यांनी घेतल्या होत्या.

"हे माझ्या भावानं केलं, जमना. मला माहीत नव्हतं," दीपिका म्हणाली.

"भाऊ तुमचाच ना," जमना शांतपणे म्हणाली. "आमाला धूर तुमीच दाखवला, ताई. त्यानं नाय दाखवला."

दीपिका जिना उतरून खाली आली.

सातपाटीला पोचल्यावर हिरानं बाळाला पाळण्यात टाकलं आणि संध्याकाळच्या मासळीला हात घातला. दीपिका आईसमोर बसली आणि तिनं घडलं ते सगळं सांगितलं, ताडाखालची भिंत, रामकिसन, दादाचं बोलणं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आईचा हात थांबत नाही. कोयती एका लयीत चालली होती. ज्या बाईनं लेकीला साधं सर्दीपडसं झालं तरी हातातलं काम टाकलं होतं, ती आज डोळे वर करत नव्हती.

"आय," दीपिका म्हणाली, "तुला ठाऊक होतं?"

हिरानं कोयती ठेवली. हात धुतले. पदराला पुसले.

"त्यानं मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझं पोट सांभाळायचं होतं, बाय. मी बोलले असते तर तू उठून धावली असतीस."

"आणि पोर झाल्यावर?"

"पोर झाल्यावर वाटलं, झालं ते झालं. तुमी दोघं एकाच ताटात जेवलेली. आता घर मोडून काय करायचं?"

रोज संध्याकाळी दारात बसून ही बाई सगळं ऐकत होती. भाऊ खोटा फोटो दाखवतोय, बहीण त्यातल्या चुका काढतेय, तो त्या दुरुस्त करून आणतोय. हे सगळं तिच्या कानांवर पडत होतं आणि ती बोंबील निवडत होती. दीपिकेला भावाच्या वागण्यानं जेवढं लागलं होतं त्याहून हे खोल गेलं. भावाला निदान गोदाम मिळणार होतं. आईनं काहीही न घेता तिला फसवलं होतं, तेही मायेनं, आणि त्या मायेवर रागावायचं कसं हेच तिला कळेना. नवशा ओटीवर बसला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो आतून येणारे आवाज ऐकून पुन्हा पुन्हा विचारत राहिला की काय झालं. दीपिकेनं बाळाचे कपडे पिशवीत भरले आणि उजेड असतानाच ती पालघरला आपल्या घरी निघून आली.

पुढचे काही दिवस तिनं सुटीत घरी आलेल्या विनोदशी बोलून बोलून घालवले. गप्प बसायचं तर एका शब्दाचाही त्रास नव्हता. इमारत दिसायला सुंदर होती, पाटी लागली होती, त्या पाटीच्या जोरावर तिला आणखी कामं मिळाली असती. बोलायचं तर भाऊ उघडा पडणार होता, आणि तीही, कारण खाली सही तिची होती. विनोद म्हणाला की तू ठरवशील ते, पण ठरवलंस की मागे बघू नकोस. शेवटी तिनं मानांकन देणाऱ्या संस्थेला फोन केला. माझी सही इमारत न पाहता केलेली आहे आणि काम नकाशाप्रमाणे नाही, तुम्ही येऊन तपासा, असं तिनं सांगितलं. पलीकडच्या गृहस्थांना आधी समजलंच नाही. असा फोन त्यांना कधी आला नव्हता.

ते आले, त्यांनी जाळीत हात घातले, ताडाखालची भिंत पाहिली. मानांकन गेलं. पितळी पाटी निघाली आणि तिच्या जागी दोन भोकं राहिली. निमेशभाईंनी दीपिकेला एकदाच फोन केला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले की ताई, सही तुमची, भाऊ तुमचा, मी तर साधा धंदेवाला माणूस, मला बांधकामातलं काय कळतं. सगळं खापर त्यांनी धीरजवर फोडलं आणि गोदामाचं काम वापीच्या कंत्राटदाराला देऊन टाकलं. ज्याच्यासाठी धीरजनं हे केलं ते त्याच्या हाती आलंच नाही. दीपिकेला याचा आनंद व्हायला हवा होता, असं तिला वाटलं, पण झाला नाही.

पाहुण्यांना पुन्हा काहीतरी दाखवायला हवं, म्हणून निमेशभाईंनी तेवढी दुरुस्ती करू दिली. चौकावरचा प्लॅस्टिकचा पत्रा काढला. एसींची तोंडं बाहेर वळवली. जाळीमागची भिंत फोडून खिडक्या पाडायचं काम दीपिकेनं स्वतः उभं राहून रामकिसनकडून करून घेतलं, मोबदला न घेता. भरीव भिंती भरीवच राहणार होत्या, त्यांना आता काही इलाज नव्हता. खोल्या थोड्या निवल्या, तिनं सांगितल्या होत्या तशा झाल्या नाहीत. निम्म्या बायका राहिल्या, निम्म्यांनी दूर उमरोळीकडे खोल्या शोधल्या आणि तिथून शिफ्टच्या बसनं यायला लागल्या. जमना जाणाऱ्यांत होती. ती जाताना दीपिका तिथंच होती. जमनेनं डोक्यावर गाठोडं ठेवलं, खिडकीच्या नव्या भोकाकडे एक नजर टाकली आणि येते असं म्हणून निघाली. ते तिनं कुणाला म्हटलं ते दीपिकेला कळलं नाही.

खिडक्या फोडायच्या कामावर एकदा धीरज आला. घण आणि छिन्नी घेऊन आला होता. त्यानं एका खुणेवर छिन्नी ठेवली. दीपिकेनं रामकिसनला सांगितलं की ती खिडकी तू घे, आणि स्वतः खाली निघून गेली. ती परत वर आली तेव्हा धीरज गेलेला होता.

नारळी पौर्णिमेला सातपाटीत होड्या सजतात, सगळा गाव बंदरावर लोटतो आणि त्याच दिवशी बहिणी राख्या बांधतात. दीपिका गेली नाही. संध्याकाळी हिराचा फोन आला. बाबांनी नारळ सोडला, तुझी आठवण काढत होते, असं ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली की त्यानं कुणाकडूनच राखी बांधून घेतली नाही, दिवसभर घरातच बसलाय. बाळ जागं झालंय, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. बाळ झोपलेलं होतं.

निमेशभाईंच्या ओळखीतल्या कुणी तिला पुन्हा काम दिलं नाही. स्वतःच्याच इमारतीविरुद्ध बोलणारी आर्किटेक्ट कोणाला हवी असणार. दिवाळीनंतर विनोदच्या शाळेपलीकडच्या एका पाड्यावर दवाखान्याची छोटी इमारत बांधायची निघाली आणि ते काम तिच्याकडे आलं. बांधणारा सुका म्हणून एक माणूस होता, तिथलाच, मितभाषी, हाताखाली घरचीच चार माणसं. नकाशा त्यानं एकदा समजून घेतला आणि पुन्हा विचारला नाही. पहिल्याच आठवड्यात दीपिकेच्या लक्षात आलं की याचं काम चोख आहे.

तरीही ती रोज जायची, पाठीला बाळ बांधून, एसटीनं आणि पुढे पायी. प्रत्येक थराच्या पोकळीत हात घालून बघायची. खिडकीची प्रत्येक चौकट मोजायची. सुका बाजूला उभा राहून बघत असे. एके दिवशी त्यानं विचारलं, "ताई, माझ्यावर भरवसा नाय का?"

आधीची दीपिका गडबडली असती. तसं नाही हो, असं काहीतरी म्हणाली असती.

"नाही," ती म्हणाली.

सुकाला वाईट वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा त्यानं वरचा थर बंद केला नव्हता. माणसांना सावलीत बसवून तो तिची वाट बघत थांबला होता. तिला शरम वाटली. थांबायची गरज नव्हती, असं ती त्याला म्हणाली. मग तिनं बाळाला त्याच्या बायकोकडे दिलं, चप्पल काढली, फळीवर चढली आणि पोकळीत हात घातला.